दोनदा आलेला १६७ : गव्हर्नर जॉर्ज रायन यांचे प्रकरण

इलिनॉय राज्याचे ३९वे गव्हर्नर जॉर्ज रायन यांच्या कागदपत्रांत १६७ हा आकडा दोन ठिकाणी येतो. ११ जानेवारी २००३ रोजी, पद सोडायला दोन दिवस उरले असताना, त्यांनी मृत्युदंडाची वाट पाहणाऱ्या १६७ जणांची शिक्षा एकाच आदेशाने सौम्य केली. त्याच वर्षी १७ डिसेंबरला फेडरल ग्रँड ज्युरीने (खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) त्यांच्यावर आरोपपत्र ठेवले आणि त्यात रायन, त्यांचे कुटुंबीय व मित्र यांनी उपटलेल्या फायद्यांची बेरीज किमान १,६७,००० डॉलर अशी मांडली. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध होत नाही. तरीही रायन यांची गोष्ट सांगणारे बहुतेक जण यांपैकी एकच १६७ हातात घेतात आणि दुसरा खिशात टाकतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी समोर ठेवून हे प्रकरण वाचले पाहिजे असे मला वाटते.

मराठी वाचकासाठी एक खुलासा आधीच करायला हवा. गव्हर्नर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजभवनातले राज्यपाल येतात. अमेरिकेत मात्र हे पद आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचे आहे, किंबहुना त्याहून बळकट, कारण गव्हर्नर थेट जनतेच्या मतांनी निवडून येतो आणि विधिमंडळातले बहुमत फिरले म्हणून त्याची खुर्ची जात नाही. शिक्षामाफीचा अधिकार आपल्याकडे राज्यपालांच्या नावे असला तरी तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरला जातो. इलिनॉयमध्ये हा अधिकार गव्हर्नरच्या एकट्याच्या सहीत असतो. पुनर्विचार मंडळ सुनावणी घेते आणि शिफारस करते, पण ती मानण्याचे बंधन गव्हर्नरवर नसते. रायन यांनी जे मोठे काम केले ते याच एकट्याच्या सहीने, आणि ज्या कामांनी ते तुरुंगात गेले त्यांतही बहुतेक ठिकाणी त्यांच्या हाताखालच्या खात्याचे कंत्राट, भाडेकरार किंवा नेमणूक होती.

कँकाकी

रायन यांचा जन्म १९३४ साली आयोवातील मकोकेटा या गावचा, पण वाढले ते शिकागोच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर असलेल्या कँकाकीत. घरचा धंदा औषधाच्या दुकानांचा. लष्करात असताना कोरियात काही काळ काढून आल्यावर त्यांनी औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली आणि भावाच्या जोडीने दुकाने सांभाळली. शाळेपासूनची ओळख असलेल्या लुरा लिन यांच्याशी १९५६ मध्ये लग्न झाले आणि सहा मुले झाली, त्यांत एकदम झालेल्या तीन मुली. गल्ल्यामागे उभा राहून गावातल्या प्रत्येकाचे दुखणे आणि उधारी ठाऊक असलेला माणूस राजकारणात कसा चालेल, हे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात राहिलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. ‘तुझे काम करतो, वेळ आली की आठवण ठेव’ हा त्या राजकारणाचा पहिला धडा असतो.

कँकाकीत हा धडा जुना होता. १९२१ ते १९२९ या काळात इलिनॉयचे गव्हर्नर असलेले लेन स्मॉल याच गावचे. राज्याचे खजिनदार असताना सरकारी पैशात अफरातफर केल्याचा आरोप त्यांच्यावर पदावर असतानाच आला, १९२२ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष सोडले आणि पुढे त्या ज्युरीतल्या काही जणांना सरकारी नोकऱ्या लागल्या. या स्मॉल घराण्याचा उल्लेख पुन्हा एकदा येणार आहे, आणि तोही कडू प्रसंगी.

१९६६ मध्ये काउंटी बोर्ड (आपल्या जिल्हा परिषदेसारखे), १९७३ पासून राज्याचे प्रतिनिधिगृह, १९८१ मध्ये त्याचे सभापती, १९८३ पासून आठ वर्षे जेम्स थॉम्पसन यांच्या हाताखाली उपगव्हर्नर आणि १९९१ पासून आठ वर्षे सेक्रेटरी ऑफ स्टेट, अशी रिपब्लिकन पक्षातली त्यांची चढण पायरीपायरीने झाली. कोणी त्यांना विचारवंत म्हटले नाही. १९७७ मध्ये राज्यात मृत्युदंड पुन्हा आणणाऱ्या विधेयकाच्या बाजूने त्यांनी मत दिले होते. १९८२ मध्ये स्त्रियांना समान हक्क देणारी घटनादुरुस्ती इलिनॉयमध्ये अडली, तेव्हा राजधानी स्प्रिंगफील्डमध्ये सात स्त्रियांनी ३७ दिवस उपोषण केले. सभापती रायन यांनी तीनपंचमांश बहुमताचा नियम सैल करू दिला नाही आणि दुरुस्ती पडली. म्हणजे १९९९ मध्ये गव्हर्नरच्या खुर्चीत बसलेला हा माणूस पुढे काय करणार आहे याचा अंदाज त्याच्या आधीच्या तीस वर्षांवरून कोणालाही बांधता आला नसता.

तिकिटे आणि परवाने

इलिनॉयचा सेक्रेटरी ऑफ स्टेट परराष्ट्र व्यवहार पाहत नाही. वाहन नोंदणी, नंबरप्लेट आणि वाहन चालवण्याचे परवाने ही त्याची कामे. म्हणजे आपल्या आरटीओचा सर्वोच्च प्रमुख, फक्त निवडून आलेला. राज्यभर पसरलेल्या परवाना कार्यालयांत हजारो कर्मचारी असतात आणि जवळपास प्रत्येक प्रौढ नागरिकाला कधी ना कधी त्या खिडकीसमोर उभे राहावे लागते. गव्हर्नर व्हायची इच्छा असलेल्या माणसाला याहून सोयीचे खाते नाही, कारण तिथे नोकऱ्या आहेत, भाड्याच्या इमारती आहेत, कंत्राटे आहेत आणि गावोगावी आपली माणसे बसवायची सोय आहे.

भ्रष्टाचाराची यंत्रणा इथे कशी चालत होती, हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण ती फार साधी होती. रायन यांच्या निवडणूक निधीसाठी मेजवान्या व कार्यक्रम होत. त्यांची तिकिटे परवाना कार्यालयांच्या व्यवस्थापकांकडे यायची आणि ती खपवण्याची अपेक्षा असायची. बढती, बदली, साहेबांची मर्जी, सगळे या खपावर अवलंबून आहे हे प्रत्येकाला कळत होते. कर्मचाऱ्यांनी आधी घरच्यांना, मित्रांना तिकिटे गळ्यात मारली. ती सोय संपल्यावर काहींनी खिडकीपलीकडे पाहिले. तिथे ट्रकचा परवाना हवा असलेले चालक उभे होते, त्यांतल्या अनेकांना चाचणी उत्तीर्ण होणे अवघड होते आणि पैसे द्यायची तयारी होती. चिरीमिरी घेऊन परवाना द्यायचा आणि त्याच पैशातून तिकिटे विकत घ्यायची, अशी ही साखळी तयार झाली. या मार्गाने किमान १,७०,००० डॉलर रायन यांच्या निवडणूक निधीत पोहोचल्याचे फेडरल सरकारी वकिलांनी पुढे मांडले. ‘लाच घ्या’ असे कोणी वरून सांगितल्याचे दिसत नाही, आणि तसे सांगण्याची गरजही नव्हती. उद्दिष्ट ठरवून दिले की ते कसे गाठायचे हे खालची माणसे आपापले शोधतात.

८ नोव्हेंबर १९९४ रोजी सकाळी विस्कॉन्सिनमध्ये मिलवॉकीजवळ आंतरराज्य महामार्ग ९४ वरून शिकागोचे एक पाद्री आणि त्यांची पत्नी सहा मुलांसह मिनीव्हॅनमधून जात होते. पुढच्या ट्रकचा एक अवजड लोखंडी भाग लोंबत होता. इतर ट्रकचालकांनी रेडिओवरून त्या चालकाला सावध करण्याचा प्रयत्न केला, पण इंग्रजी पुरेसे येत नसल्याने त्याला ते कळले नाही. तो तुकडा रस्त्यावर पडला, मिनीव्हॅन त्यावरून गेली, इंधनाची टाकी फुटली आणि गाडीने पेट घेतला. पाच मुले जागीच गेली, त्यांत सहा आठवड्यांचे तान्हे बाळही होते. सर्वांत मोठा मुलगा नंतर रुग्णालयात गेला. आईवडील भाजलेल्या अवस्थेत वाचले. त्या ट्रकचालकाचा परवाना शिकागोलगतच्या मकूक येथील इलिनॉयच्या कार्यालयातून निघाला होता.

तो दिवस निवडणुकीचा होता. संध्याकाळी जॉर्ज रायन पॅट क्विन या डेमोक्रॅट उमेदवाराला हरवून सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणून पुन्हा निवडून आले.

या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत गंभीर भाग यानंतरचा आहे. अपघात होण्याआधीच्या लाचखोरीबद्दल ‘मला ठाऊक नव्हते’ असे रायन म्हणू शकले असते, आणि तसे ते आयुष्यभर म्हणत राहिले. पण त्यांच्या खात्यात गैरव्यवहारांची चौकशी करणारा एक महानिरीक्षक होता, डीन बाउअर. हा कँकाकीचा माजी पोलीसप्रमुख आणि रायन यांचा जुना मित्र. एका परवाना कार्यालयाच्या व्यवस्थापकाची रोकड आणि निधीची तिकिटे असलेली बॅग चौकशीत सापडली, तेव्हा ते प्रकरण त्याने दाबले. अपघातानंतर काही तपासनिसांनी ट्रकचालकाच्या परवान्याचा माग काढायला सुरुवात केली, तेव्हा तोही तपास पुढे सरकला नाही आणि थोड्याच काळात त्या विभागातल्या तपासनिसांनाच घरी पाठवण्यात आले. खात्याच्या पोटात चौकशीची जी एकमेव यंत्रणा होती ती सहा मुलांच्या मृत्यूनंतर अधिक सजग व्हायला हवी होती. तिथे उलट ती मोडून टाकण्यात आली. बाउअर यांनी २००१ मध्ये न्यायात अडथळा आणल्याची कबुली दिली आणि वर्षभराची शिक्षा भोगली.

१९९८ ची गव्हर्नरपदाची निवडणूक याच धुरात झाली. फेडरल तपासाला ‘ऑपरेशन सेफ रोड’ असे नाव मिळाले होते. डेमोक्रॅट उमेदवार ग्लेन पोशार्ड यांनी अपघाताचा मुद्दा प्रचारात आणला, त्यावर दुःखाचे भांडवल केल्याची टीका झाली, आणि रायन ५१ विरुद्ध ४७ टक्क्यांनी जिंकले. त्या काळात त्यांच्या प्रचार कार्यालयात कागदपत्रे यंत्रातून बारीक करून टाकली जात होती, हे पुढे न्यायालयात आले.

दुसरा १६७

गव्हर्नर म्हणून रायन यांनी रस्ते, शाळा व सार्वजनिक वाहतूक यांवर १२ अब्ज डॉलरचा कार्यक्रम आणला आणि त्यासाठी दारूवरील कर व वाहन नोंदणी शुल्क वाढवले. ऑक्टोबर १९९९ मध्ये ते क्यूबाला गेले. १९५९ च्या क्रांतीनंतर तिथे जाणारे ते पहिले पदासीन अमेरिकन गव्हर्नर. स्वपक्षातले कडवे लोक यामुळे चिडले होते, पण त्यांना खरा धक्का यानंतर बसायचा होता.

फेब्रुवारी १९९९ मध्ये, रायन पदावर येऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा अँथनी पोर्टर नावाचा कैदी मृत्युदंडाच्या कोठडीतून सुटला. सोळा वर्षे आत काढलेल्या या माणसाचा बुद्ध्यांक ५१ होता आणि त्याआधी दंडाच्या ठरलेल्या वेळेपासून अवघ्या दोन दिवसांवरून तो वाचला होता, तेही त्याला शिक्षेचा अर्थ कळतो की नाही या मुद्द्यावर. त्याचे निर्दोषत्व पुढे आणले ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी. दूरचित्रवाणीवर तो बाहेर येताना पाहून आपण पत्नीला ‘अमेरिकेत असे होतेच कसे?’ असे विचारल्याचे रायन पुढे अनेकदा सांगत. (इथे एक काटेरी तळटीप जोडायला हवी. पोर्टरऐवजी ज्या माणसाने गुन्हा कबूल केला तो २०१४ मध्ये सुटला, कारण त्याची कबुलीच खाजगी तपासनिसाने दबावाने काढल्याचे पुढे आले. ज्या खटल्याने रायन यांचे मन हलवले तो आपण समजतो तेवढा स्वच्छ नव्हता.)

तरीही त्याच मार्चमध्ये त्यांनी अँड्र्यू कोकोरालिस याच्या मृत्युदंडाला हिरवा कंदील दिला. त्या निर्णयाने त्यांची झोप उडवली, आणि त्यांच्या कारकिर्दीत अमलात आलेली ती एकमेव मृत्युदंडाची शिक्षा ठरली. नोव्हेंबरमध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने राज्यातल्या जवळपास तीनशे मृत्युदंडांचा धांडोळा घेतला. त्यातल्या ३३ आरोपींचे वकील पुढे सनद गमावलेले किंवा कधीतरी निलंबित झालेले होते, ४६ प्रकरणे तुरुंगातल्या खबऱ्यांच्या साक्षीवर उभी होती आणि ३५ कृष्णवर्णीय आरोपींना केवळ गोऱ्या ज्युरींनी दोषी ठरवले होते किंवा मृत्युदंड सुनावला होता. जानेवारी २००० पर्यंत हिशोब असा झाला, की १९७७ पासून राज्याने १२ जणांना ठार केले होते आणि मृत्युदंड सुनावलेले १३ जण निर्दोष सुटले होते. नाणेफेकीपेक्षाही वाईट प्रमाण. ३१ जानेवारी २००० रोजी रायन यांनी शिक्षेची अंमलबजावणी स्थगित केली. असे करणारे ते देशातले पहिले गव्हर्नर होते. एक आयोग नेमला गेला, त्याने एप्रिल २००२ मध्ये ८५ शिफारशी केल्या, आणि रायन यांच्या कारकिर्दीत विधिमंडळाने त्यांवर फारसे काही केले नाही.

तपासाचा वेढा इकडे आवळत होता. ऑगस्ट २००१ मध्ये रायन यांनी पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २००२ मध्ये पुनर्विचार मंडळासमोर मृत्युदंडाच्या कैद्यांच्या सुनावण्या झाल्या. तिथे बळींच्या नातेवाइकांनी दिवसेंदिवस आपापल्या घरातले रक्तरंजित तपशील पुन्हा सांगितले. त्यानंतर सरसकट माफीचा विचार मागे पडल्याचे संकेत रायन यांनी स्वतःच दिले होते, त्यामुळे जानेवारीत निर्णय उलटा आला तेव्हा या कुटुंबांना फसवले गेल्यासारखे वाटले, आणि ती भावना खोटी म्हणता येत नाही.

१० जानेवारी २००३ रोजी त्यांनी चौघांना पूर्ण माफी दिली. शिकागो पोलिसांतला कमांडर जॉन बर्ज याच्या पथकाने छळ करून त्यांचे कबुलीजबाब काढले होते. दुसऱ्या दिवशी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या भाषणात १६७ जणांची शिक्षा सौम्य झाली, १६४ जणांना पॅरोलविना जन्मठेप आणि तिघांना ४० वर्षे. या १६७ मध्ये कँकाकीचाच एक जण होता. १९८७ मध्ये त्याने खंडणीसाठी लेन स्मॉल यांच्या पणतूचे अपहरण करून त्याला लाकडी पेटीत घालून जिवंत पुरले होते. हवेसाठी लावलेली नळी पुरली नाही आणि तो गुदमरून मेला. तो रायन यांचा शेजारी होता, त्यांच्या मुलांना सांभाळायला यायचा, आणि मारेकऱ्याचे कुटुंबही रायन यांच्या ओळखीचे होते. भाषणात त्यांनी हे सांगितले. सगळे आयुष्य ओळखीच्या माणसांची कामे करण्यात घालवलेल्या माणसाने इथे मात्र ओळखीच्या, दुखावलेल्या घराविरुद्ध सही केली.

या माफीचा संबंध खटल्याशी जोडणारे बरेच आहेत. शिकागोच्या ज्युरीत कृष्णवर्णीय आणि उदारमतवादी लोक असतील, त्यांची सहानुभूती मिळवण्याची ही चाल होती, असा तो तर्क. मला तो लंगडा वाटतो. स्थगिती जानेवारी २००० मधली आहे, तेव्हा रायन यांच्यापुढे दुसऱ्या निवडणुकीची शक्यता उघडी होती आणि रिपब्लिकन मतदारांत हा निर्णय खपणारा नव्हता. १२ आणि १३ हे आकडे रायन यांनी निर्माण केलेले नव्हते. मात्र उलट बाजूही सांगितली पाहिजे. ज्याला पुन्हा मते मागायची नाहीत, ज्याच्याकडे पक्ष पाठ फिरवून बसला आहे आणि ज्याचे नाव आधीच मातीत मिळाले आहे, त्याला १६७ सह्या करणे सोपे गेले असणार. घोटाळ्याने त्यांच्या मनात दया निर्माण केली नसेल, पण तिच्या आड येणारी भीती त्याने नक्कीच काढून टाकली.

खटला

शिकागोत सरकारी वकील म्हणून न्यूयॉर्कहून बाहेरचा माणूस आणला गेला होता, पॅट्रिक फिट्झजेराल्ड. त्यांच्या कार्यालयाने खालून वर जाण्याची पद्धत चोख पाळली. आधी परवाना कार्यालयातले कर्मचारी, मग व्यवस्थापक, मग बाउअर, आणि मार्च २००३ मध्ये रायन यांचा एके काळचा उजवा हात स्कॉट फॉवेल व त्याच्यासोबत रायन यांची निवडणूक समिती, असा क्रम लागला. ऑपरेशन सेफ रोडमध्ये एकूण ७९ जणांवर आरोप ठेवले गेले आणि ७६ दोषी ठरले. फॉवेलने आधी तोंड उघडायला नकार दिला होता. आपल्या भावी पत्नीची शिक्षा कमी व्हावी म्हणून अखेर तो नाखुशीने रायन यांच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला.

सप्टेंबर २००५ मध्ये न्यायाधीश रेबेका पॉलमेयर यांच्यासमोर खटला सुरू झाला. रायन यांचा बचाव ज्या बड्या वकील कंपनीने विनामूल्य केला तिचे अध्यक्ष जेम्स थॉम्पसन होते, म्हणजे रायन ज्यांचे उपगव्हर्नर होते तेच. उपकाराची परतफेड हा या राजकारणाचा नियम इथेही पाळला गेला.

पुरावे ऐकताना ज्युरीची पंचाईत अशी होती, की पैशांनी भरलेले पाकीट कुठेच नव्हते. जे होते ते असे: रायन यांचा मित्र व मध्यस्थ लॅरी वॉर्नर याला खात्याची कंत्राटे व भाडेकरार मिळत आणि त्यातून त्याची लाखो डॉलरची कमाई होई; १९९६ च्या अध्यक्षपदाच्या शर्यतीतले सिनेटर फिल ग्रॅम यांना रायन यांनी पाठिंबा दिला आणि ग्रॅम यांच्या मोहिमेचा पैसा आडमार्गाने रायन यांच्या मुलींपर्यंत पोहोचला; आणि जमैकातली सुट्टी होती. या शेवटच्या गोष्टीपाशी थोडे थांबावेसे वाटते. रायन पती-पत्नी जमैकात एका व्यावसायिकाच्या बंगल्यात राहायला जात. निघताना रायन त्याला हजार डॉलरचा धनादेश देत, आणि तो तेवढीच रक्कम रोख त्यांच्या हातात परत ठेवी. कागदावर पाहुण्याने भाडे दिले, प्रत्यक्षात काहीच दिले नाही. पुढे इलिनॉयमधल्याच साउथ हॉलंड येथे परवाना कार्यालयासाठी याच माणसाची इमारत भाड्याने घेतली गेली. हजार डॉलर ही अशा पदावरच्या माणसासाठी नगण्य रक्कम आहे, हे बचाव पक्षाचे म्हणणे खरेच होते. पण तो धनादेश लिहिण्याची गरज का भासली, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. जो व्यवहार चुकीचा नाही असे वाटते त्याची खोटी पावती कोणी करत नाही.

निकालापर्यंतचा प्रवासही सरळ नव्हता. ज्युरीची खलबते चालू असताना दोन सदस्यांनी आपल्यावरील जुनी पोलीस प्रकरणे लपवल्याचे उघड झाले. न्यायाधीशांनी त्यांना काढून पर्यायी सदस्य घेतले आणि खलबते पहिल्यापासून सुरू करायला लावली. १७ एप्रिल २००६ रोजी रायन सर्व १८ आरोपांत दोषी ठरले. त्यांतले दोन न्यायाधीशांनी नंतर रद्द केले. शिक्षा साडेसहा वर्षांची झाली. ज्युरीच्या या गोंधळावरून अपील झाले, २००७ मध्ये ते दोन विरुद्ध एक मतांनी फेटाळले गेले, आणि वेगळे मत देणाऱ्या न्यायाधीशांचा आक्षेप माझ्या मते अगदीच दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात, प्रामाणिक सेवेपासून जनतेला वंचित ठेवण्याचा गुन्हा, जो रायन यांच्यावरील आरोपांतही होता, लाच व कमिशनपुरताच आवळला. त्या आधारे सुटकेचा प्रयत्न झाला, पण रायन यांच्याबाबतीत पुरावा लाचेचाच आहे असे म्हणून न्यायालयांनी तोही फेटाळला.

टेरे हॉट

नोव्हेंबर २००७ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, रायन विस्कॉन्सिनमधल्या ऑक्सफर्ड तुरुंगात दाखल झाले आणि काही महिन्यांत त्यांना इंडियानातील टेरे हॉट येथे हलवण्यात आले. फेडरल सरकारचा मृत्युदंडाचा कक्ष याच टेरे हॉटच्या तुरुंग संकुलात आहे. १६७ जणांना त्या कोठडीतून बाहेर काढणारा माणूस आता तसल्याच एका कक्षापासून हाकेच्या अंतरावर, कमी पहाऱ्याच्या छावणीत दिवस मोजत होता. डिसेंबर २००८ मध्ये सिनेटर डिक डर्बिन यांनी, पक्ष वेगळा असूनही, अध्यक्ष बुश यांना पत्र लिहून त्यांच्या शिक्षेत सूट मागितली. ज्याने इतरांना दया दाखवली त्याच्या वाट्याला ती आली नाही.

निवृत्तिवेतनाचा निकाल २०१० मध्ये लागला. रायन यांचे म्हणणे होते, की गुन्हे नंतरच्या पदांवरचे आहेत, तेव्हा आधीच्या आमदारकीच्या वर्षांचे वेतन तरी द्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्ण जप्त केले, फक्त त्यांनी स्वतः भरलेली रक्कम परत मिळाली. जानेवारी २०११ मध्ये लुरा लिन अतिदक्षता विभागात असताना त्यांना कँकाकीच्या रुग्णालयात सुमारे दोन तास जाऊ देण्यात आले. जूनमध्ये त्या गेल्या, आणि पंचावन्न वर्षांच्या संसारानंतर अंत्यविधीला रायन यांना हजर राहता आले नाही. ३० जानेवारी २०१३ रोजी ते घरी परतले, उरलेले काही महिने स्थानबद्धतेत काढले, आणि २ मे २०२५ रोजी कँकाकीतच वयाच्या ९१व्या वर्षी वारले. त्यांच्यानंतर, स्वच्छ कारभाराच्या घोषणेवर निवडून आलेले रॉड ब्लागोजेविच मार्च २०१२ मध्ये तुरुंगात गेले होते, त्यामुळे जवळपास वर्षभर इलिनॉयचे लागोपाठचे दोन गव्हर्नर एकाच वेळी गजाआड होते.

रायन यांनी अर्धवट सोडलेले काम त्यांच्या डोळ्यांदेखत, पण त्यांच्याशिवाय पुरे झाले. २००३ मध्ये खुनाच्या तपासातली चौकशी ध्वनी-चित्रमुद्रित करण्याचा कायदा झाला, तो मांडणारा राज्य सिनेटर बराक ओबामा होता. ९ मार्च २०११ रोजी इलिनॉयने मृत्युदंड कायमचा रद्द केला आणि रायन यांच्यानंतर त्या कोठडीत जमा झालेल्या १५ जणांच्या शिक्षाही सौम्य झाल्या. त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते पॅट क्विन, ८ नोव्हेंबर १९९४ च्या रात्री रायन यांच्याकडून हरलेले. सही झाली तेव्हा रायन टेरे हॉटच्या छावणीत होते.